खालून 'हाय' आलं अन् मी पोतं सोडलं

मंडळी, आज दुपारी जे झालं, ते तुमाला लिहायलोय.

मी बीडच्या एका वखारीत हमाल हाय. थप्पीवर उभं राहून ज्वारीची पोती तिरक्या फळीवरून खाली सोडायची, हे माझं काम. आमची रीत एकच. वरच्यानं 'हुश्शार!' म्हणायचं, खालच्यानं 'हाय!' म्हणायचं, मगच पोतं सोडायचं.

आज तेलगावच्या गाड्या दारात खोळंबल्या होत्या. करोडगिरीचा, म्हंजी जकातीचा, शिपाई माल तपासायला आलेला, अन् त्याला लई घाई. मी 'हुश्शार!' म्हणलो. 'हाय!' आलं. पोतं सोडलं.

मग खाली बघितलं. खाली पोती घेणारे उस्मानचाचा फळीच्या तोंडाशी पाठमोरे बसून पायातला काटा काढत होते! 'हाय' म्हणला होता दाराजवळचा गणपत. त्याच्या पाठीवर दुसरंच पोतं होतं, पण इतक्या वर्षांची सवय. हाक ऐकली की तोंडातून निघतंच.

"चाचा!" मी बोंबललो. ते बाजूला लवंडले. पोतं त्यांच्या खांद्याला घासून गेलं अन् उंबऱ्यावर फुटलं.

गणपत पाठीवरचं पोतं टाकून पळत आला. चाचांनी अंगावरची ज्वारी झटकली अन् मला म्हणले, "कावून थांबला बे? सोड की."

मी 'हुश्शार!' म्हणलो. चाचांनीच 'हाय!' म्हणलं. तरी मी वाकून त्यांचं तोंड बघितलं, तवा कुठं हात सुटला.

बारा वर्षं मी नुसत्या आवाजावर पोती सोडली. तुमी कधी वाकून बघितलंय का, खालून 'हाय' कोण म्हणतंय ते?