ॲनच्या कोपऱ्याशी थांबलेल्या काठ्या

आधीच सांगतो, मी सर्व्हेअर माणूस. जे टेपने मोजता येत नाही, ते माझ्या लेखी नसतंच. आमच्या गावी, रत्नागिरीकडे, गावाची शीव राखणाऱ्या देवाला दरवर्षी नारळ देतात. तिथेही मी खोबऱ्यापुरताच जायचो. तेव्हा हसायचं तर हसा... मीही हसलो असतो.

१९९१चा जानेवारी. आम्ही सौदीत, अल-खोबरला. तीन मजली इमारत, आमचा फ्लॅट सगळ्यात वर. बाहेरून सपाट भिंत — गॅलरी नाही, शिडी नाही. बायकोला, सुनंदाला, आठवा महिना. इराकशी लढाई तोंडावर आली, विमानं बंद झाली आणि आम्ही अडकलो.

ऑफिसातले माझे साहेब फिलिप, साठीचे इंग्रज. त्यांना एकच वेड — इंग्लंडातल्या आपल्या खेड्याचा इतिहास लिहायचा. एक चर्च आणि त्याच्या हद्दीतलं शे-दोनशे माणसांचं गाव, राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. कोण जन्मलं, कोण गेलं, गारा कधी पडल्या, सगळं तिथल्या पाद्र्याने वहीत लिहून ठेवलेलं. दर वसंतात तो अख्ख्या गावाला घेऊन शीवेवरून फिरायचा. हद्दीच्या प्रत्येक दगडावर लोक सोललेल्या काठ्या ठोकायचे, पोराबाळांना हद्द लक्षात राहावी म्हणून. मी म्हटलं, "साहेब, हे तर आमच्या कोकणातलंच झालं." ते खूश झाले आणि गावचा जुना नकाशा त्यांनी मला नव्याने आखायला दिला.

एका वर्षी म्हणे चिखल फार झाला, म्हणून लोकांनी फेरीत एक कोपरा गाळला. त्या कोपऱ्यात ॲन नावाच्या विधवेची झोपडी होती. उन्हाळ्यात तापाची साथ आली. गावात कुणाला काही झालं नाही, ॲन तेवढी गेली. पाद्र्याने वहीत स्वतःला दोष दिलाय.

"योगायोग," मी म्हटलं.

"असेल," साहेब म्हणाले. "पण नकाशात ती आत हवी."

लढाई सुरू झाली तसं कंपनीने साहेबांना दूर पश्चिमेला, ताइफला हलवलं. निघताना त्यांनी फोन केला, "ॲनचं घर आत घेतलंस ना?" मी हो म्हणालो. साफ खोटं. घाईघाईत मी तिथे रेघ सरळ मारून मोकळा झालो होतो. शंभरेक वर्षांपूर्वी मेलेल्या बाईसाठी कोण वळसा घालत बसतो?

त्या दिवशी मगरिबची, दिवेलागणीची अजान नुकतीच झाली होती. सायरन वाजला. आम्ही बेडरूममध्ये शिरलो, विषारी गॅसच्या धास्तीने दाराच्या फटींना टेप लावली, मास्क चढवले. तेवढ्यात आवाज आला. टक्... टक्... बाहेरून, भिंतीवर. पुष्कळ काठ्या, आणि त्यांच्याबरोबर चालणारी पावलं. तिसऱ्या मजल्यावर! उत्तरेची बाजू झाली, पूर्वेची झाली, दक्षिणेची झाली... आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्याशी आवाज थांबला. पुढे जाईना.

मला भीती नाही वाटली. शिमग्यात पालखी दाराशी येऊन उभी राहते, तेव्हा हात आपोआप जुळतात ना, तसं झालं.

सुनंदाने मास्क वर केला. "अहो, थांबलेत ते. कुणाची तरी वाट बघतायत."

त्या कोपऱ्याखाली, कंपाउंडच्या भिंतीबाहेर, बशीरचाचांची पत्र्याची खोली होती. आमचे वॉचमन, बिहारचे. दुपारीच विचारायला आले होते, "साहब, सायरन बजे तो ऊपर आ जाऊँ?" मी म्हटलं होतं, खोली लहान आहे, मास्कही दोनच आहेत. ते मान डोलावून खाली गेले होते.

टेप फाडली आणि खरंच गॅस आला तर? सुनंदाच्या पोटाकडे बघून माझे पाय हलेनात. मला माझीच लाज वाटत होती.

"जा," ती म्हणाली. "मी दाराला ओला टॉवेल लावते. जा हो."

चाचा खाटेवर बसून तसबीहचे, जपमाळेचे मणी ओढत होते. "साहब, आप जाइए, मैं ठीक हूँ."

"चाचा, यल्ला! चलो!" मी त्यांना दंडाला धरून ओढतच आणलं. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात होतो, तेवढ्यात इमारत हादरली. क्षेपणास्त्राचा तुकडा त्यांच्या खोलीवर पडला होता. जिन्याच्या खिडकीतून बघितलं तर पत्रा नाही, खाट नाही, नुसता धूर.

वर येऊन मी टेप पुन्हा लावली, माझा मास्क चाचांना दिला. तिघेही खाली बसलो. आणि मग त्या काठ्या पुढे निघाल्या. पश्चिमेची भिंत झाली, आणि जिथून सुरुवात झाली होती तिथे येऊन आवाज मिटला. फेरी पुरी झाली.

"ये कौन लोग हैं?" चाचांनी हळूच विचारलं. सुनंदाने त्यांच्या मास्कचा पट्टा घट्ट केला.

लढाई संपल्यावर साहेब परत आले, तोवर आम्हाला मुलगी झाली होती. त्यांना सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. त्यांनी फाईलमधून पाद्र्याच्या वहीचं एक पान काढून माझ्यापुढे ठेवलं. ॲन गेल्यानंतरच्या वर्षाचं. लिहिलं होतं की यापुढे फेरी तिच्या कोपऱ्याशी थांबेल. त्या घरात जो कुणी राहत असेल, तो बाहेर येऊन सामील होईपर्यंत कुणीही पाऊल उचलायचं नाही.

हे पान मी कधी पाहिलं नव्हतं. सुनंदाने तर ती फाईलसुद्धा नाही.

नकाशा मी त्याच आठवड्यात नव्याने आखला, ॲनचं घर आत घेऊन. त्या कोपऱ्याशी आलो तेव्हा पेन उचललं आणि थोडा वेळ थांबलो.