चेअरमनकाकूंचं खसाचं अत्तर

दुष्काळाच्या वर्षी आमच्या महिला दूध संस्थेत दूध कमी अन् गप्पाच जास्त जमायच्या. कॅन भरायला वेळ लागायचा. तोवर बायका ओसरीवर टेकायच्या, आणि टेकलेल्या बायका गप्प बसत नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे. मी संस्थेची सेक्रेटरी. आता आम्ही जुन्या मैत्रिणी कुणाच्या लग्नात वगैरे भेटलो, तर फॅटचा अन् दराचा विषय कुणी काढत नाही. कुणीतरी एक नाक वर करून नुसतं हुंगल्यासारखं करते, आणि सगळ्या फिसकन हसतात. मग चेअरमनकाकू सुरू होतात. म्हणजे त्यांचे किस्से.

चेअरमनकाकू म्हणजे शकुंतलाकाकू. आमचं गाव धारूरच्या डोंगरात. तिथं बायकांची संस्था काढायचं ठरलं तेव्हा चेअरमन कोण, हा प्रश्नच आला नाही. काकू उंच, खणखणीत आवाजाच्या, आणि कुणाच्याही डोळ्याला डोळा देऊन बोलणाऱ्या. फक्त एक गोष्ट गावाला झेपत नव्हती. काकू अत्तर लावायच्या. खसाचं, म्हणजे आपल्या वाळ्याचं. वडिलांची सवय त्यांनी माहेराहून उचललेली. मनगटावर एक बोट, आणि कानात कापसाचा फाया. आमच्याकडं कानात फाया पुरुष ठेवतात, तोही लग्नकार्यात. काकू रोज ठेवायच्या. शेण काढायला जातानासुद्धा.

अत्तर तसं स्वस्तातलं, धारूरच्या बाजारातलं. तिथं एक म्हातारे चाचा लाकडी पेटी घेऊन बसायचे. एकदा थंडीत मी काकूंबरोबर होते. चाचांनी हिन्याची कुपी पुढं केली आणि समजावून सांगायला लागले, की खस उन्हाळ्याचा, ठंडीत हिनाच लावायचा असतो, पूर्वीपासूनचा शिरस्ता आहे. काकूंनी हुंगलं, बूच लावलं, कुपी परत दिली.

"चाचा, मी काय ऋतू हाय का बदलायला?"

चाचांनी मुकाट्यानं खसाची कुपी भरली.

*

आमचं दूध डोंगराखालच्या शीतकरण केंद्रावर जायचं. तिथले सुपरवायझर कॅनचं झाकण उघडून आधी वास घ्यायचे, मग बाकीच्या तपासण्या. आंबूस वास आला की कॅन परत. एका दिवशी आमची टेस्टर सरूबाई माहेरी गेलती, म्हणून काकूंनी स्वतः दूध मापून घेतलं, कॅनात ओतलं, हातानंच झाकणं लावली. दूध कसं असतं, शेजारी कांदा ठेवला तर कांद्याचा वास धरतं. दुपारी टेम्पोवाला एक कॅन घेऊन परत आला.

काकू त्याच टेम्पोत बसल्या, मलाही बसवलं, आणि आम्ही कॅनसकट केंद्रावर. सुपरवायझर शांत माणूस. त्यांनी काकूंसमोर पुन्हा झाकण काढलं, डोळे मिटून वास घेतला.

"बाई, शेणाचा वास आला असता तर मी समजू शकलो असतो. करपट आला असता तरी समजू शकलो असतो. पण ह्याला लग्नाचा वास येतोय. हे मी कुठल्या रकान्यात लिहू?"

दूध परत आलं. दुष्काळात एक कॅन म्हणजे अर्ध्या गावाची दिवसभराची मेहनत. बायकांची तोंडं उतरली. काकूंनी घरची मोठी कढई चुलीवर चढवली, सगळं दूध आटवून खवा केला आणि पेढे वळले. ते बाजारात हातोहात गेले. थोडे त्यांनी केंद्रावरही पाठवून दिले. सुपरवायझरांनी खाल्ले, पण बरे की वाईट ते काही कळवलं नाही.

पुढं दिवाळीच्या तोंडावर त्यांचा टेम्पोवाल्याकडून निरोप आला. जावई पहिल्यांदा येतोय. एखादा कॅन खराब होणार असेल तर बघा.

*

काकूंची सून पुण्याची. ती एकदा येताना सासूसाठी भारीतला स्प्रे घेऊन आली. तिचं मन मोडायला नको म्हणून काकूंनी त्या दिवशी अत्तर न लावता तो स्प्रे मारला. त्याच दिवशी संस्थेची मीटिंग होती. जनावरांच्या खुराकाचा ठराव करायचा होता, आणि तो त्या दिवशी झाला नसता तर तालुक्याहून पेंडीची पोती मिळणार नव्हती.

काकू, मी आणि सरूबाई खोलीत बसून होतो. कुणीच येईना. मधूनमधून दारापर्यंत पावलं वाजायची आणि परत जायची. कोरम भरायची वेळ टळायला आली, तेव्हा मी बाहेर जाऊन पाहिलं. सगळ्या बायका लिंबाखाली निवांत बसलेल्या.

मी विचारलं, आत कावून येईनात? तर एक म्हणाली, काकू आल्यावर येतो ना. मी म्हटलं, त्या केव्हाच्या आल्यात. कुणाचा विश्वास बसेना.

"कायतरीच सांगू नको. आमी दारातून दोनदा वास घेऊन आलो. काकू आत न्हाईत."

मी काकूंनाच दारात आणून उभं केलं. मग कोरम भरला आणि ठरावही झाला. स्प्रेची बाटली पुढं म्हशीच्या गोठ्यातल्या माशांवर मारून संपवली. माशांनाही ती फारशी मानवली नाही, असं काकूंचं मत पडलं. सुनेला मात्र त्यांनी फोनवर सांगितलं, की लई उपयोगी पडली.

*

एका वर्षी धारूरच्या रस्त्याला जनावरांची छावणी लागली. चारा-पाणी तिथंच मिळायचं, म्हणून गावातल्या म्हशी-गाई सगळ्या तिकडं, आणि त्यांच्याबरोबर मुक्कामाला घरचे पुरुष. बायकांना मुक्कामाची परवानगी नव्हती. काकूंचे मालक नाना म्हणजे अतिशय लाजरा माणूस. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मीठ हवं असेल तर शेजाऱ्याच्या कानात सांगणार. ते आपली चंद्री म्हैस घेऊन छावणीत गेले.

चंद्रीनं पहिल्याच दिवशी बादली उडवली. दुसऱ्या दिवशी नानांनाच उडवलं. तिला आयुष्यात काकूंशिवाय कुणी हात लावलेला नव्हता. पान्हा सोडेना. दूध कासेतच राहिलं तर कास सुजते, म्हैस आटते, हे सगळ्यांना माहीत होतं. नानांनी निरोप पाठवला. काकूंनी उलट टपाली एक जुनं लुगडं आणि अत्तराची कुपी पाठवली.

नानांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, पण छावणीत आडोसा असा कुठंच नव्हता. शेवटी ते सगळ्यांच्या देखत सदऱ्यावरून लुगडं गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन, मनगटाला अत्तर लावून चंद्रीपाशी बसले. चंद्रीनं मान वळवून हुंगलं, नानांचा कान चाटला आणि धार सोडली. पलीकडून एक जण ओरडला, "कावून बे नाना, आज वहिनी आल्यात का?" सगळी छावणी हसली. नाना मान खाली घालून धार काढत राहिले, आणि भरलेली बादली घेऊन उठले.

चार-दोन दिवसांनी तो ओरडणाराच हळूच नानांच्या खोपटात आला. त्याचीही गाय अडून बसली होती. लुगडं त्यानं घरून मागवलं होतं, एक बोट अत्तर मिळेल का, म्हणाला. नाना कशाला नाही म्हणतायत. त्याच्यामागं आणखी एक आला. मग आणखी.

पुढच्या आठवड्यात तालुक्याचे अधिकारी तपासणीला आले. संध्याकाळची धारांची वेळ. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि छावणीचालकाला फैलावर घेतलं, की बायकांना मुक्कामाची परवानगी नसताना इथं एवढ्या बायका कशा? चालक बिचारा काय सांगणार. अधिकारी तरातरा चालत सगळ्यात जवळच्या बाईपाशी गेले आणि गाव विचारलं.

बाईनं पदर सावरून मागं वळून पाहिलं. तिला चांगल्या भरघोस मिशा होत्या.

*

संस्थेच्या निवडणुकीत एकदा काकूंविरुद्ध सरूबाईच उभी राहिली. दोघींचं भांडण असं नव्हतं, पण सरूबाईचं म्हणणं होतं, की मशीन मी चालवते, फॅट मी काढते, तर खुर्चीवर एकदा तरी मला बसू द्या. तिचंही चुकीचं नव्हतं. गावात दोन तट पडले. एकमेकींच्या घरचं हळदीकुंकू बंद झालं.

मतदान घ्यायला तालुक्याहून एक तरुण अधिकारी आले. नुकतेच नोकरीला लागलेले, अगदी नियमाप्रमाणे चालणारे. मतदान झालं, मोजणी झाली, काकू थोडक्यात निवडून आल्या. सरूबाई उठली आणि म्हणाली, माझी हरकत हाय. मतपत्रिकांना खसाचा वास येतोय, म्हणजे त्या आधी काकूंच्या हातून गेल्यात.

अधिकाऱ्यांनी हरकत नोंदवून घेतली आणि खरोखरच एक मतपत्रिका नाकाला लावली. वास होता. दुसरी लावली. होता. काकूंची मतं संपली, मग त्यांनी सरूबाईची मतं हुंगायला घेतली. त्यांनाही तोच वास. सरूबाई गोंधळली. साहेबांनी न वापरलेला कोरा गठ्ठा पिशवीतून काढला. त्यालाही वास. त्यांना घाम फुटला. निवडणूक रद्द करायची तर कारण काय लिहायचं?

घाम पुसायला त्यांनी हात वर केला आणि तसाच नाकापाशी थांबवला. सकाळी ते आले तेव्हा पाहुण्यांच्या स्वागताची रीत म्हणून आम्ही त्यांच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावलं होतं. लावणारी सरूबाईच होती, कुपी तेवढी काकूंची.

साहेबांनी हात हळूच टेबलाखाली घेतला.

"हरकत फेटाळली. निकाल कायम."

सरूबाईला आधी रडू आलं, मग हसू आलं. काकूंनी तिला त्याच दिवशी व्हाईस चेअरमन केलं. म्हणाल्या, वासावरून चोर धरणारी बाई संस्थेला पाहिजेच.

*

आता एकच सांगते आणि उठते.

हे छावणीच्या कितीतरी आधीचं. ते वर्ष सगळ्यात वाईट होतं. विहिरींचे तळ दिसत होते. टँकर यायचा, पण कधी येईल याचा नेम नाही. छावणीचं तर नावही नव्हतं. लोक बाजारात जनावरं नेऊन मिळेल त्या भावाला देऊन येत होते, आणि जनावरंच गेली तर संस्था कुणाच्या दुधावर चालणार? अशात कळलं, की दुष्काळाची पाहणी करायला मोठे साहेब येणार आहेत. टँकर वाढवायचा की नाही, ते त्यांच्या हातात होतं.

सरपंचांनी सगळ्या बायकांना संस्थेपुढं जमायला सांगितलं. काकूंच्या घरी ते मुद्दाम स्वतः गेले आणि हात जोडून म्हणाले, काकू, आजच्या दिवस तेवढं अत्तर नको. काकू बरं म्हणाल्या.

गाड्या आल्या. साहेब उतरले. सरपंच सांगत होते, साहेब ऐकत होते. ऐकता ऐकता ते आमच्याजवळ आले आणि थबकले. सरूबाईनं माझा दंड इतक्या जोरात धरला, की मी काकूंकडं न बघताच समजले.

"सरपंच, प्यायला पाणी नाही म्हणता," साहेब म्हणाले, "आणि इथं तर अत्तराचा घमघमाट आहे. ज्या गावाला अत्तर सुचतं तिथं दुष्काळ फार दिसत नाही."

बरोबरचे लोक हसले. सरपंचांचा चेहरा पांढरा पडला. वर्षभराचं पाणी आता त्या गाड्यांबरोबर परत जाणार, असं मला वाटलं. तेवढ्यात काकू पुढं झाल्या. पदर सारखा केला.

"माझंच हाय साहेब. पाणी आलं की सोडते."

साहेबांनी काकूंकडं पाहिलं, आमच्या सगळ्यांच्या कितीतरी दिवस न धुतलेल्या लुगड्यांकडं, केसांकडं पाहिलं, आणि सरळ विहिरीकडं गेले. बराच वेळ काठावर उभे राहून आत बघत होते. त्या आठवड्यापासून टँकर रोज यायला लागला.

पुढं महिन्याभरानं त्याच रस्त्यानं जाताना साहेब न कळवता गावात थांबले. आम्ही दूध घालत होतो. दारोदार भरलेली पिंपं बघून ते खूश दिसले. ओसरीची पायरी चढले आणि पुन्हा थबकले. या वेळी मात्र ते हसत होते.

"काय हो चेअरमन, पाणी आलं की सोडणार होतात ना?"

"आलंय की साहेब," काकू म्हणाल्या. "जनावरांना पुरतंय. आता आमच्यापुरतं आलं की सोडते."