आड येणाऱ्या डहाळ्या

"शूऽऽ," कुंपणाच्या भिंतीपलीकडून तो ओठांवर बोट ठेवायचा आणि आम्ही आमच्याच अंगणात गप्प व्हायचो. तुमच्याही शेजारी असा एखादा असेल. वयाने तो माझ्याहून मोठा, तरी मी त्याला 'तो'च म्हणणार.

वरोऱ्यात आमच्या घरामागे भाड्याने राहायचा. बँकेत साहेब होता. सुट्टीच्या दिवशी हाताएवढी लांब लेन्स भिंतीवर टेकवून बसायचा. मी कपडे शिवते. लेन्सखाली ठेवायची वाळूची पिशवी मीच त्याला शिवून दिली होती.

आमच्याकडे लोक येतात ते वाघाचे फोटो काढायला. हा मात्र परसातल्या पाखरांमागे. "वाघ काय, पडून राह्यते," म्हणायचा. "अंगठ्याएवढं पाखरू थांबतच नाई, भाभी. त्याचा डोळा शार्प आला पाहिजे. बाकी सारं बेकार."

एकदा त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर शिंजीर पाखराची मादी दाखवली. गळ्याचं पिवळं पीस न् पीस वेगळं दिसत होतं, चोचीत बारीकसा कोळी. मी शिलाई सोडून बघतच राहिले. तेव्हा तो अगदी मोकळं हसला. त्याचं हे चांगलं, तेवढं सांगून टाकते.

तिचं घरटं आमच्या डाळिंबाला लोंबत होतं, माझ्या खिडकीसमोर. आत दोन पिल्लं.

"मधात डहाळ्या येऊन राह्यल्या, भाभी. लेन्स पानांवरच अडकते," तो कुरकुरायचा.

"राहू द्या, भाऊ. पिल्लाईले सावली हाय त्याची."

ऐन उन्हाळ्यात एकदा मी शिवलेले कपडे पोचवायला बाजारात गेले. दुपारी परतले तर डाळिंबाची ती बाजू भादरलेली. डहाळ्यांचा ढीग खाली पडलेला आणि घरट्यावर सरळ ऊन. आमच्याकडचं ऊन काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. पिल्लांच्या माना घरट्याच्या तोंडातून बाहेर लोंबत होत्या. मादी किडा घेऊन यायची, घरट्यापुढे फडफडायची, तशीच परत जायची. पुन्हा यायची. आणि भिंतीवरून कॅमेऱ्याची खटखट चालूच.

"बंद करा ते," मी म्हटलं.

"एक मिनिट, भाभी. लाईट मस्त आहे."

"मेली ती पिल्लं."

"हो ना, वाईट झालं." डोळा त्याने कॅमेऱ्यावरून काढला नाही. "मले वाटलं, घंटाभरात काय होते. डहाळ्या तं पुन्हा फुटतीन."

मी खालची एक काटेरी डहाळी उचलली आणि लेन्सवर हाणली. त्याने आधी काच तपासली. मग माझ्याकडे पाहिलं.

पुढे त्या मादीचा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून तो माझ्या दारात आला. चोचीत किडा, पंख पसरलेले. "तुमच्यासाठी आणला, भाभी. असा फोटो पुन्हा नाई येत."

"हिची पिल्लं कुठी आहेत, ते सांगा पाहणाऱ्याले," मी म्हटलं आणि दार लावलं. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, एवढ्याशा पाखरासाठी चांगल्या माणसाशी काऊन वैर घेतं?

पावसाळ्यात त्याची वडशाला बदली झाली. सामान गाडीत चढल्यावर तो माझ्या खिडकीपाशी आला.

"येतो, भाभी."

मी मशीन थांबवलं नाही. त्याची सावली माझ्या हातातल्या कापडावर पडली होती. मी तिच्यावरूनच टीप घालत राहिले. सावली सरकली, कापड उजळलं, तरी मी मान वर केली नाही.