रिकामी ताटली

साकोलीत आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी कॉफीचं दुकान काढलं आहे. केक त्या घरीच भाजतात. "कसा झाला?" असं कधी विचारत नाहीत, गिऱ्हाईक उठलं की फक्त ताटली बघतात.

गेल्या आठवड्यापर्यंत मी जन्मात केक केलेला नव्हता, पण केकवरची इंग्रजी पुस्तकं वाचली आहेत. त्यामुळे दर मंगळवारी त्यांना सूचना देते. त्या हात पुसत ऐकून घेतात.

गेल्या मंगळवारी तिथेच तुम्हा नातवंडांचा व्हिडिओ कॉल आला. केळ्याचा केक पाहून तुम्ही विचारलंत, "आजी, तू केलास?" माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. बाई शेजारीच उभ्या होत्या. मी डोळे मिटले.

"आजीनंच केला," त्या फोनमध्ये वाकून म्हणाल्या. "मले बी शिकवून राहिल्या."

फोन ठेवल्यावर मी रडकुंडीला आले. "दिवाळीत येऊन मुलं केक मागतील हो!"

"कायले घाबरता जी काकू? उद्या या, करून पाहू."

दुसऱ्या दिवशी मी केक केला. तो मधोमध खचला, तळाला करपला. तरी मी माझा तुकडा शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

बाईंनी रिकामी ताटली पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"कसा झाला जी, काकू?"