पोर कडेवर आणि यादीत हरवलेली

“साहेब, ही काय ही! माझ्या कडेवर हाय! जरा वर तरी बघा ना!”

मी एवढ्या जोरात ओरडले की पोलीस ठाण्यातले सगळे बघायला लागले, तनू दचकून रडायला लागली... पण कॉम्प्युटरवाल्या साहेबांनी मान पण वर केली नाय. म्हणाले, “बाई, ओरडू नको. रेकॉर्डला तुझी मुलगी हरवलेली आहे.”

मी सहावीपर्यंत शिकलेली. हे सगळं मोबाईलमध्ये बोलून बोलून लिहिते, चुकलं तर समजून घ्या. या पेजवरचे भुताखेताचे अनुभव मी जेवताना वाचायची आणि हसायची — लोकांना दुसरं काय काम नाय, असं वाटायचं. आता कुणाला हसू?

आमी सुकापूरला भाड्याच्या खोलीत राहतो, मी, आमचे हे आणि तनू. हे कोन गावच्या साईटवर लादी बसवायला जातात. तनू साडेतीन वर्षांची. तिला मी एक मिनिट नजरेआड करत नाय, संडासला गेले तरी दार उघडं ठेवते, शेजारणी चिडवतात त्यावरून. तर त्या दिवशी सकाळी फोन आला, तुमच्या मुलीच्या केसचं काय झालं, महिनाअखेर आहे, ठाण्यात या. मला वाटलं फ्रॉडवाले. पण परत परत आला म्हणून तिला घेऊन गेले. पनवेलातलं कुठलं ठाणं ते लिहीत नाय, मला राहायचंय इथं.

“हरवलीच नाय तर केस कसली?” मी म्हटलं.

“ते मला नको विचारू. किती हरवले, किती मिळाले, दर महिन्याला आम्ही आकडा वर पाठवतो. वरचे राज्याला देतात. तिथं सगळ्यांचं एकत्र करून पुस्तक काढतात, कॉम्प्युटरवर टाकतात, दिल्लीला पण जातं. त्यात आमची एक मुलगी मिळायची बाकी दिसते. ती तुझी.”

“मग काढा ना ते नाव!”

“गेलेला आकडा मागे येतो का? तक्रार काय मी केली? ही सही कुणाची?”

त्यांनी पुढं केलेल्या कागदावर सही माझीच होती. तारीख मागच्या महिन्याची. तनूच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, मी तिथं त्याच्या आधी एकदाच गेलेली, बहिणीला तिच्या नवऱ्याने मारलं तेव्हा. तिचा हात मोडलेला, गळ्यात बांधलेला, आणि ह्याच टेबलावर सांगितलं, लिहिलं की आमचा आकडा वाढतो, वरून विचारतात, घरातलं घरात मिटवा. माझ्या बहिणीचा हात त्यांच्या पुस्तकात कुठंच नाय. आणि माझी पोर, जी माझ्या मानेला मिठी मारून बसलेली, ती दिल्लीपर्यंत जाऊन आली!

तेवढ्यात एक लेडीज पोलीस आल्या. चांगल्या होत्या, तनूला बिस्किट दिलं. म्हणाल्या, “थांब, वर्णन बघू, दुसरी कोणी असेल.” आणि वाचायला लागल्या.

“पिवळा फ्रॉक, घरी शिवलेला... उजव्या बाहीला लाल दोरा.”

तो फ्रॉक मी दोनच दिवस आधी शिवलेला हो! माझ्या जुन्या साडीचा. पिवळा दोरा संपला म्हणून उजव्या बाहीला लाल घातला. ती त्या दिवशी पहिल्यांदा तो घालून बाहेर आलेली. आणि कागद मागच्या महिन्याचा...

“हनुवटीवर ताजं खरचटलेलं.” आदल्या दिवशी नळावर पडली होती.

मग मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. “पुढं वाचा ना, ताई,” मी म्हटलं.

हळू आवाजात वाचलं, “शेवटची कुठे दिसली — याच ठाण्याच्या दारात, आईच्या कडेवर.”

साहेब हसले. “झालं! दारात हरवली, टेबलावर मिळाली. मिळून आली म्हणून सही कर आणि जा.”

मी म्हटलं, नाय करणार. हे अजून घडायचं असेल तर? आज मिळाली लिहिलं आणि दारात गेली, तर तुमी परत शोधाल का?

“एकदा मिळालेली कशाला शोधायची?” सरळ बोलले बघा, तोंडावर. “आणि सही नाही केलीस तर ही तुझीच मुलगी कशावरून? चौकशी होईपर्यंत बालगृहात ठेवावी लागेल. बोल.”

साहेबांनी पेन माझ्यापुढं सरकवलं.

मी सही केली. मग तिथंच, सगळ्यांसमोर, तनूचा फ्रॉक काढला, तिला ओढणीत गुंडाळली, पोटाशी बांधली आणि डोळे मिटून त्या दारातून पळाले. रिक्षात बसून पहिलं तिचं तोंड उघडून बघितलं. होती. “आई, गुदमरतंय,” म्हणाली.

आज एकोणीस दिवस झाले. ती हाय, माझ्या मांडीवर झोपलीय. हे म्हणतात, ऑफिसच्या लोकांचा घोळ हाय, डोक्यातून काढ. मग दोरा कुणी बघितला? सही कुणी केली? विचारलं की हे नुसते चिडतात. मला रात्रंदिवस एकच, की आता सरकारच्या पुस्तकात माझी पोर सापडलेली हाय, कायमची. उद्या खरंच गेली तर मी कुठल्या टेबलावर जाऊन रडू?

खरं सांगा. पोर कडेवर, पेन हातात, दार मागे... तुमी काय केलं असतं?