स्टिअरिंग सोडून जोडलेले हात

त्या रविवारी सकाळी मी देवाजवळ दिवा लावला आणि मेहुण्याच्या नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मेहुणा संदीप म्हणाला, "दाजी, तुमच्याच हातानं ठेवा. तुमचं देवापाशी वजन हाय." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. गडमुडशिंगीहून निघायचं, गगनबावड्याला गगनगड चढायचा आणि संध्याकाळच्या आत घरी. गाडीत मी, माझी बायको सुमन आणि तिचा हा धाकटा भाऊ.

जाणार असाल तर सांगतो. कोल्हापुरातून गगनबावडा साधारण पंचावन्न किलोमीटर. रंकाळ्यावरून फुलेवाडी, पुढे कळे. मिसळ फुलेवाडीतच खाऊन घ्या आणि दीड तास हाताशी ठेवा. हिवाळ्यात रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि गाण्यांचा असा दणका की मागचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकूच जात नाही. त्यांच्या मागे दमानं चालायची तयारी नसेल तर एसटीनं जा.

संदीपची ती तयारी नव्हती. एका ट्रॅक्टरला त्यानं वळणावरच मागं टाकलं, तशी सुमन मागून ओरडली, "अरं, कुठं आग लागलीय काय?"

"अक्का, तू गप बस की. स्वतः स्कूटीवर ट्रकच्या मधनं घुसतीस, आणि इथं भ्या वाटतंय व्हय? हात बसलाय माझा ह्या रस्त्यावर."

मी हसलो. काटा नव्वदच्या पुढे गेलेला मला शेजारून दिसत होता, तरी हसलो.

कळ्याच्या पुढे एका वळणावर शेंदूर फासलेला म्हसोबा आहे. तिथं पूर्वी मोटारसायकलवरचे दोघे गेले. जागा वाईट म्हणून लोकांनी दगड बसवला, आणि तेव्हापासून येणारा-जाणारा तिथं हात जोडतो. ब्रेक मात्र कुणी दाबत नाही. संदीपनंही दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून जोडले आणि डोळे मिटले. गाडी डावीकडे ओढली गेली. मी "अरे" म्हणेपर्यंत दाणकन आवाज झाला होता.

डेअरीला दूध घालायला निघालेले एक म्हातारे डांबर सोडून खाली, मातीच्या कडेनं चालले होते. ते चरीत पडले होते, पाय भलत्याच बाजूला वळला होता आणि किटलीतलं दूध रस्त्यावर पसरलं होतं. त्यांचं नाव शंकरआबा, हे जमलेल्या लोकांकडून कळलं.

"म्हसोबाचीच जागा, दुसरं काय," एक जण म्हणाला.

"दरसाली कुणाला तरी धरतोय," दुसऱ्यानं री ओढली.

धावत आलेली आबांची बायको तेवढी कडाडली, "त्यो दगड उठून आला व्हय रं? गाडी आली ती न्हाय दिसत?"

संदीप पळून गेला नाही, हे सांगायला हवं. त्यानंच आबांना उचललं आणि कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. पण पोलिसांना त्यानं सांगितलं, "म्हातारा एकदम आडवा आला." मी शेजारी उभा होतो. मी काहीच बोललो नाही.

पुढच्या रविवारी तो घरी आला तो उत्साहातच. "दाजी, म्हसोबाला पत्र्याची शेड घालूया. त्यानंच आपल्याला वाचवलं." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी रोज पूजा करणारा माणूस आहे, म्हणूनच गेली. वेग आपला, मिटलेले डोळे आपले, आणि जाब द्यायचा दगडानं? वळण वाईट, अमावास्या वाईट, म्हातारा वाईट. वाईट नाही ते फक्त आपल्या पायाखालचं पेडल!

त्या आठवड्यात रजा टाकून एसटीनं आबांच्या गावी गेलो. पायात सळी घालून ते घराच्या पुढच्या सोप्यात पडून होते. मी कोण हे सांगितलं, तरी त्यांनी बायकोला चहा ठेवायला लावला. मग हळूच म्हणाले, "पावणं, एक इचारू? मी खरंच आडवा आलतो काय वो? समदी तसंच म्हणत्यात. मला वाटतंय मी कडंनंच चाललोतो. पण आता माझंच मला खरं वाटंना झालंय."

"तुम्ही कडंलाच हुता, आबा," मी म्हणालो. "मी बघितलंय."

"मग तवा बोलला का न्हाईसा?" दारातून त्यांच्या बायकोनं विचारलं. चहा तसाच निवला.

रात्री सुमनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझा भाऊ हाय त्यो." बराच वेळ कूस बदलत राहिली. सकाळी एवढंच म्हणाली, "त्याला आधी सांगा. पाठीमागनं नको."

मी संदीपला फोन केला. तो भडकला. "शेवटी परकंच निघालासा, दाजी," म्हणाला आणि फोन ठेवला.

गगनगड अजून पाहिलेला नाही. सोमवारी मात्र पुन्हा त्याच रस्त्यानं पोलीस ठाण्यात गेलो आणि जबाब लिहून दिला. काटा नव्वदच्या पुढे होता, दोन्ही हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते, म्हातारा मातीच्या कडेनं चालत होता. हवालदारांनी तो वाचून दाखवला आणि विचारलं, "चालक तुमचा कोण?"

"मेहुणा," मी म्हणालो आणि सही केली.