माईकची बारीक पिन

दुपारी दोनच्या सुमाराला, फ्लाइंग क्लबच्या वर्कशॉपातल्या बाकावर मंदाचा डोळा लागतोय. लागतोय कसला, नुसती झापड! साडेचारला तिची लेक केतकी पहिल्यांदा एकटी विमान उडवणार आहे, आणि पोरीचा हट्ट असा की उडेन तर आजोबांच्याच हेडसेटने, नाहीतर नाही. त्या हेडसेटच्या माईकची पिन तुटली आहे.

डोळे मिटतात तो मंदा पुण्यात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत. ह्या दुकानातून त्या दुकानात. जो तो गाण्याच्या माईकची जाड पिन पुढे करतो. "अहो, ही नाही हो! विमानाची, हिच्याहून बारीक!" ती ओरडते. मेला पुन्हा तीच देतो.

गल्ली संपते तिथे धावपट्टी आहे, आणि धावपट्टीवर तिच्या स्वयंपाकघरातली मांडणी. मांडणीपाशी आप्पा, मंदाचे वडील, डबे उघडून बघताहेत. जाऊन दोन वर्षं झाली, तरी चष्मा कपाळावरच. ह्याच क्लबचे रेडिओ त्यांनी जन्मभर दुरुस्त केले. मंदाला हे काम शिकवलं तेही त्यांनीच.

"काय शोधताय आप्पा?"

"तू शोधतेस तेच. डाळीत नाहीये."

"कुठ्ठे मिळत नाही हो. पायांचे तुकडे पडले माझ्या."

"मंदे, थापा मारू नकोस. सकाळीच सापडली ना तुला, माझ्या जुन्या खोक्यात?"

सापडली होती. केतकीला मात्र तिने सांगितलं, नाही मिळाली. मांडणीतले डबे एकेक करून घरंगळतात, धावपट्टीवरून सुसाट सुटतात. ती त्यांच्यामागे धावते, एकही हाताला लागत नाही.

"मला भीती वाटते आप्पा!" ती रडकुंडीला येते. "एकुलती एक आहे. वर एकटी असेल."

"एकटी कशी? माईक कशाला लावतात मग? तिने हाक मारली की खालून कुणी ओ द्यावी म्हणूनच ना?"

"आणि नाही देता आली तर?"

आप्पा हात पुढे करतात. "आण, मी जोडतो. पण मला आता तारा दिसत नाहीत गं."

मंदा दचकून उठते. उजवी मूठ आवळलेली. पिन पर्समध्ये होती, झोपेत कधी काढली कोण जाणे. ती तळहातात रुतून लालभडक वळ उठलाय, चोळला तरी जात नाही. घड्याळात तीनला दहा कमी.

ती सोल्डरिंग आयर्न तापायला लावते आणि दारात जाऊन हाक मारते.

"केतके, हेडसेट घेऊन ये. पिन सकाळीच मिळाली होती. लपवली होती मी."